सँक्शन: मंजुरी की निर्बंध?

प्रश्न असा आला आहे: “बँकेतून फोन आला, ‘तुमचं होम लोन सँक्शन झालं.’ त्याच दिवशी पेपरात वाचलं, अमेरिकेने रशियन कंपन्यांवर सँक्शन्स लादले. शब्दकोश उघडला तर त्यात मंजुरीही आहे आणि शिक्षाही. एकाच शब्दाला असे उलटे अर्थ कसे? वाचताना कुठला घ्यायचा? आणि ऑफिसच्या अर्जात हा शब्द वापरावा का?”

या शब्दानं मला नोकरीच्या सुरुवातीलाच तोंडघशी पाडलं होतं, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

मे १९९८. पोखरणला ११ आणि १३ तारखेला अणुचाचण्या झाल्या होत्या आणि मी एका दैनिकात नवाकोरा उपसंपादक होतो, रात्रपाळीला. अमेरिका आणि जपान यांनी भारतावर आर्थिक निर्बंध जाहीर केले होते, जागतिक बँकेची काही कर्जं लांबणीवर पडली होती. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातमीत एका वाक्यात हा शब्द दोनदा आला होता, एकदा क्रियापद म्हणून, एकदा अनेकवचनी नाम म्हणून. मी घाईत लिहिलं, ‘मंजुरीमुळे कर्जाची मंजुरी अडकली.’ मुख्य उपसंपादकांनी कागद परत माझ्यासमोर टाकला. “मंजुरीनं मंजुरी कशी अडेल रे? लग्नामुळे लग्न मोडलं म्हणण्यासारखं आहे हे.” त्या रात्री बातमी दुरुस्त झाली, पण हा शब्द डोक्यातून गेला नाही. पुढं अनुवाद हाच व्यवसाय झाला आणि बँकांची मंजुरीपत्रं, कोर्टाचे कागद, परराष्ट्र घडामोडींवरचे लेख अशा सगळ्या ठिकाणी तो भेटत राहिला.

आता मुळाकडे. लॅटिनमध्ये ‘सांकीरे’ असं क्रियापद आहे. अर्थ: एखादी गोष्ट पवित्र करणं, आणि त्यामुळेच अभंग, अनुल्लंघनीय ठरवणं. करार केला, कायदा केला, सीमा आखली, की विधीपूर्वक तिच्यावर पावित्र्याची मोहोर उठवायची. यातूनच ‘सांक्टुस’ म्हणजे पवित्र, आणि ‘सांक्टिओ’ म्हणजे असं ठरवण्याची कृती, हुकूम. ‘सेंट’, ‘सँक्टिटी’, ‘सँक्च्युअरी’ हे सगळे त्याच घरातले. म्हणजे चर्चमधला सेंट आणि बँकेतलं सँक्शन ही सख्खी भावंडं आहेत. (मराठी ‘संत’ मात्र या घरातला नाही, कितीही सारखा वाटला तरी. तो संस्कृत ‘सत्’ वरून आलेला. सेंट आणि संत यांचा उच्चार जुळला आणि अर्थही जुळला, हा निव्वळ योगायोग. व्याख्यानात कुणी हे एकच म्हणून सांगितलं तर मान डोलवू नका.)

पण नुसतं पवित्र म्हणून भागत नाही. लोकांनी ते पवित्र मानलं नाही तर? म्हणून रोमन कायद्याच्या मजकुरात एक भाग असायचा, जो सांगायचा की हे मोडणाऱ्याला काय शिक्षा होईल. त्या भागालाच ‘सांक्टिओ’ म्हणत. सम्राट जस्टिनियनच्या काळात, इसवी सन ५३३ मध्ये, कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी जे पाठ्यपुस्तक तयार झालं त्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि तिथंच एक झकास उदाहरण दिलंय: शहराची तटबंदी. रोमन लोक शहराच्या भिंतींना आणि वेशींना ‘सांक्टुस’ म्हणत. का? तर त्यांना धक्का लावणाऱ्याला देहदंड होता. रोमच्या जन्मकथेत रोम्युलसनं बांधायला घेतलेल्या भिंतीवरून त्याचा भाऊ रेमस थट्टेनं उडी मारतो आणि जिवाला मुकतो, ती गोष्ट आठवा. भिंत पवित्र आहे म्हणून शिक्षा, की शिक्षा आहे म्हणून भिंत पवित्र? रोमन माणसाला हा प्रश्नच पडला नसता. त्याच्या लेखी ती एकच गोष्ट होती.

आणि खरं सांगायचं तर आपल्याही आजोबांना तो पडला नसता. कोकणात किंवा मावळात देवराईत जा. तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीसाठी कुणी उचलत नाही. देवाचं रान आहे हे एक, आणि उचलली तर देव कोपेल हे दुसरं. यातलं पहिलं काढून दुसरं ठेवता येत नाही. त्याहून नेमकं उदाहरण हवं असेल तर गधेगाळ पाहा. शिलाहार आणि यादव काळातले हे दगड कोकणपट्टीत आणि घाटावर पुष्कळ सापडतात. वर चंद्रसूर्य, म्हणजे हे दान चंद्रसूर्य असेतो चालावं. मध्ये बहुधा दानाचा लेख. आणि खाली गाढवाचं ते शिल्प, जे शाळेच्या सहलीत गुरुजी न समजावता पुढं जातात: दान मोडणाऱ्याच्या आईला उद्देशून कोरलेली शिवी. राजानं जमीन दिली ही मंजुरी. ती हिरावणाऱ्याला शाप ही शास्ती. दोन्ही एकाच दगडावर. लॅटिन सांक्टिओ म्हणजे नेमकं काय, हे मला शब्दकोशापेक्षा या दगडांनी जास्त चांगलं समजावलं. एकाच हुकुमाची ती दोन टोकं आहेत. एका टोकाला ‘हे अधिकारानं ठरलं’, दुसऱ्या टोकाला ‘आणि मोडाल तर याद राखा’. पुढं काही वापरांत एक टोक धरलं गेलं, काहींत दुसरं, आणि आज आपल्याला ती एकमेकांच्या विरुद्ध वाटतात.

आपल्याकडं असा शब्द नाही असं वाटत असेल तर ‘शासन’ घ्या. सरकारी गाडीवर ‘महाराष्ट्र शासन’ लिहिलेलं असतं, आणि ‘चोराला कडक शासन झालं पाहिजे’ हेही आपणच म्हणतो. धातू एकच, शास्. त्यातूनच शास्त्र, शिष्य आणि शास्तीसुद्धा. (शास्तीकर काय असतो ते अनधिकृत बांधकामात घर घेतलेल्या पिंपरी-चिंचवडकरांना सांगायला नको.) राज्य करणारा आणि शिक्षा करणारा हात एकच, म्हणून शब्द एकच. ‘दुकान वाढवलं’, ‘नारळ वाढवला’ यातला उलटा अर्थ मात्र वेगळ्या जातीचा, तिथं आपण अशुभ शब्द तोंडी येऊ नये म्हणून वळसा घेतो. सँक्शनमध्ये तसला वळसा नाही.

इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकापासून नाम म्हणून दिसतो, आधी धर्मपीठाच्या हुकुमांसाठी, मग राजाच्या. युरोपच्या इतिहासात ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ वाचलं असेल. १७१३ मध्ये सम्राट सहावा चार्ल्स यानं फर्मान काढलं की हॅब्सबर्ग घराण्याची सगळी राज्यं अखंड राहतील आणि मुलगा नसेल तर मुलीकडे जातील. इथं सँक्शन म्हणजे ना मंजुरी ना निर्बंध, सरळ राजाज्ञा. इतर राजांकडून ती मान्य करून घेण्यात बिचाऱ्याची हयात गेली. १७४० मध्ये तो वारला, मुलगी मारिया थेरेसा गादीवर आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक यानं हॅब्सबर्गांच्याच सायलेशिया प्रांतात सैन्य घुसवलं. मोडणाऱ्याला शिक्षा करणारं कुणी मागं नसेल तर हुकुमाचं काय होतं, याचा हा नमुना.

क्रियापद बरंच उशिरा आलं, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि ते फक्त चांगल्या अर्थानं: अधिकृत मान्यता देणं. ‘एखाद्यावर निर्बंध लादणं’ या अर्थाचं क्रियापद तर विसाव्या शतकाच्या मध्यावरचं. म्हणून जुन्या पुस्तकात हे क्रियापद दिसलं की डोळे झाकून ‘मान्यता देणे’ लिहावं. शंभर वर्षांपूर्वीच्या मजकुरात ‘सरकारनं अमुक संस्थेला सँक्शन केलं’ असं असेल तर तिला दंड झालेला नसून सरकारची मान्यता मिळालेली असते.

शिक्षेचं टोक जिवंत ठेवलं ते कायद्याच्या तत्त्वज्ञांनी. जेरेमी बेंथमनं १७८९ च्या ग्रंथात चार सँक्शन सांगितले: नैसर्गिक, राजकीय, नैतिक आणि धार्मिक. माणूस नियम का पाळतो? आगीत हात घातला तर भाजतो, सरकार दंड करतं, लोक नावं ठेवतात, देव कोपतो. बेंथमच्या हिशेबात बक्षीसही सँक्शनच होतं. पुढं जॉन ऑस्टिननं १८३२ मध्ये ते बाजूला काढलं आणि कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा अधिक ती मोडल्यास होणारं अनिष्ट, असं मांडलं. एलएलबीला याच ऑस्टिनवर प्रश्न येतो, आणि तिथं सँक्शनला मराठीत ‘शास्ती’ किंवा ‘अनुशास्ती’ लिहायचं असतं. तिथं मंजुरी लिहाल तर उत्तराची वाट लागेल.

मग वर्तमानपत्रांचा काळ येतो. राष्ट्रसंघाच्या (पहिल्या महायुद्धानंतरची ‘लीग ऑफ नेशन्स’) करारनाम्यातलं कलम १६ सांगत होतं की करार मोडून युद्ध पुकारणाऱ्या देशाशी बाकीच्यांनी व्यापार-व्यवहार तोडावेत. ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीनं ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, स्वारी केली आणि १८ नोव्हेंबरपासून इटलीवर निर्बंध लागू झाले. त्यात तेल वगळलेलं होतं आणि सुएझ कालवाही उघडाच राहिला, त्यामुळे रणगाडे चालत राहिले. जुलै १९३६ मध्ये ते उठवलेही गेले. निर्बंध फसले, पण अनेकवचनी ‘सँक्शन्स’ हा शब्द मथळ्यांत कायमचा बसला. मजा म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या कलम ४१ मध्ये, ज्याच्या आधारे सुरक्षा परिषद हे सगळं करते, हा शब्द नाही. तिथं ‘सशस्त्र बळाचा वापर नसलेले उपाय’ असा सौम्य शब्दप्रयोग आहे. पण तसा मथळा कोण देणार?

आपल्या देशात हा शब्द वेगळ्या वाटेनं आला, फायलीतून. ब्रिटिश अंमलात पुलाचं अंदाजपत्रक असो की शिपायाची जागा, वरून सँक्शन आल्याशिवाय खर्च नाही. ती पद्धत राहिली आणि शब्दही राहिला. मंजूर पदं, मंजूर नकाशा, मंजूर निधी, ही सगळी सँक्शनची भाषांतरं. घरातलं महावितरणचं बिल काढा, त्यावर ‘मंजूर भार’ आहे, तो इंग्रजीतला सँक्शन्ड लोड. बांधकाम खात्यात तर दोन वेगळे टप्पे आहेत, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मंजुरी. पहिलीत काम करायचं ठरतं, दुसरीत अभियंता अंदाजपत्रक आणि आराखडा तपासून सही करतो. बँकेतही तसंच. लोन सँक्शन झालं म्हणजे खात्यात पैसे आले नाहीत. मंजुरीपत्र हातात येतं, त्यातल्या अटी पुऱ्या करायच्या, मग डिस्बर्समेंट, म्हणजे प्रत्यक्ष पैसे. कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसे पैसे उचलायचं कर्जखातं असेल तर मंजूर मर्यादा वेगळी आणि मालाच्या साठ्याप्रमाणे ठरणारी ड्रॉइंग पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम वेगळी. फोनवर ‘सँक्शन’ ऐकून बिल्डरला चेक देऊन बसलेले लोक मी पाहिले आहेत.

‘मंजूर’ हा शब्दही गमतीचा. तो अरबीतून फारसीमार्गे आला, नजर ज्या धातूतून आली त्याच धातूतून. मंजूर म्हणजे मुळात पाहिलेलं, साहेबाच्या नजरेखालून गेलेलं. कोर्टातला नाझर त्याच कुळातला. रोमन माणसानं हुकुमात पावित्र्य पाहिलं, आपल्या दफ्तरानं साहेबाची नजर. फाइल कशी हलते हे ज्यानं पाहिलंय त्याला दुसरं जास्त पटेल.

आता तुमचा मुख्य प्रश्न, वाचताना कुठला अर्थ घ्यायचा. पहिली खूण म्हणजे वचन. अनेकवचनी ‘सँक्शन्स’ दिसलं की दहात नऊ वेळा निर्बंध. पुढं ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ असेल तर शंकाच नको. एकवचन असेल आणि पुढं ‘ऑफ’ येऊन सरकार, न्यायालय, रूढी असं काही असेल तर मान्यता किंवा पाठबळ. क्रियापद असेल तर कर्म पाहा. कर्ज, रजा, रक्कम, पद, नकाशा मंजूर होतात. देश, कंपनी, व्यक्ती, जहाज यांच्यावर निर्बंध येतात. अमेरिकेच्या बातमीत न्यायाधीशानं वकिलाला ‘सँक्शन’ केलं असेल तर त्याला शाबासकी मिळालेली नाही. तिथल्या फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम ११ खाली निराधार दावे दाखल करणाऱ्या वकिलाला होणारी ती शिक्षा आहे, बहुधा दंड.

मराठी बोलण्यात तर हा गोंधळ जवळजवळ नाहीच, कारण आपलं क्रियापद आधीच सांगून टाकतं. सँक्शन होतं, मिळतं, करून घेतात: ती मंजुरी. सँक्शन्स लादतात, कडक करतात, उठवतात: ते निर्बंध. इंग्रजी वाक्य अडलं की मी अजूनही मनात ही क्रियापदं लावून बघतो. लोन लादता येत नाही (बँकांचे फोन येतात ते सोडा), आणि इराणला सँक्शन्स ‘मिळाले’ असं कुणी म्हणत नाही.

सगळ्यात घातक जागा वेगळीच आहे. समाजशास्त्राच्या लेखनात ‘जातिव्यवस्थेला धर्माचं सँक्शन होतं’ अशा अर्थाचं वाक्य वारंवार येतं. इथं सँक्शन म्हणजे पाठबळ, शास्त्राधार, मान्यता. एका विद्यार्थ्याच्या अनुवादात मी ‘जातिव्यवस्थेवर धर्माचे निर्बंध होते’ असं वाचलं. वाक्य मराठी म्हणून सुरळीत आहे, वाचकाला काही खटकणार नाही, आणि अर्थ साफ उलटा झालेला आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या आपल्या न दिलेल्या भाषणात ज्या शास्त्रप्रामाण्यावर घाव घातला, तेच प्रामाण्य या एका शब्दानं गायब होतं आणि धर्म जातीविरुद्ध उभा असल्याचं चित्र तयार होतं. माझ्या ‘मंजुरीमुळे मंजुरी’वर निदान लोक हसले तरी. अशा चुकीवर कुणी हसत नाही, ती छापली जाते. म्हणून ‘स्टेट-सँक्शन्ड’, ‘सोशल सँक्शन’ असं काही दिसलं की थांबावं. पहिल्यात सरकारची संमती असते, उदाहरणार्थ सरकारच्या संमतीनं झालेला हिंसाचार. दुसरं मात्र दोन्हीकडे झुकतं. समाजाची मान्यता किंवा समाजाचा धाक, हे पुढचं-मागचं परिच्छेदभर वाचल्याशिवाय ठरत नाही.

कोर्टाच्या बातम्यांत दोन्ही टोकं पुन्हा एकत्र येतात. सरकारी नोकरावर कर्तव्यासंबंधातल्या कृत्याबद्दल खटला चालवायचा तर आधी सरकारचं सँक्शन लागतं. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ खाली होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ खाली आहे, आणि १२० दिवसांत सरकारनं निर्णय घेतला नाही तर ते मिळालं असं धरलं जातं. लाचेच्या प्रकरणांसाठी भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाचं कलम १९ वेगळं. इथं भाषांतर ‘मंजुरी’च, खटला चालवण्यास मंजुरी. ‘अमुक अधिकाऱ्याला मंजुरी’ असा आखूड मथळा मात्र देऊ नका, त्याला बढती मिळाल्यासारखं वाटतं.

निर्बंध, बंदी आणि बहिष्कार यांतला फरक थोडक्यात: विशिष्ट माल रोखला तर बंदी, लोकांनी स्वतःहून पाठ फिरवली तर बहिष्कार, सरकारांनी धोरण म्हणून व्यवहार आवळले तर निर्बंध. आयातशुल्क वाढवणं म्हणजे सँक्शन नव्हे, टीव्हीवर काहीही म्हणोत.

राहिला अर्ज. भारतातल्या कार्यालयात ‘रजा सँक्शन करावी’ असं इंग्रजीत लिहिलंत तर कुणाची भुवई उंचावणार नाही, इथं ते रोजचं आहे. हाच मेल न्यू जर्सीतल्या साहेबाला पाठवणार असाल तर ‘अप्रूव्ह’ लिहा. त्याला सँक्शन समजेल, पण रजेसाठी तो शब्द तिथं फार जड वाटतो, चार दिवस गावी जायला राजाज्ञा मागितल्यासारखा. आणि अर्ज मराठीत असेल तर ‘रजा मंजूर करावी, ही विनंती’ पुरेसं आहे. साहेबांची नजर पडली की झालं.